डाव्या डोळ्याचा पांढरा

नर्सबाईंनी उजव्या डोळ्यावरची पट्टी सोडवली, ओल्या कापसाने पापणी पुसली, थेंबांची बाटली मास्तरांच्या हातात दिली आणि "आता उघडा हळूच" म्हणून त्या बाजूला झाल्या. मास्तरांनी डोळा उघडला. समोर खिडकी होती, खिडकीत सकाळ होती आणि सगळं कसं धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. इतकं त्यांना अपेक्षित होतं. मोतीबिंदू काढल्यावर जग स्वच्छ दिसेल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि सांगितलेलं तसंच घडलं की मास्तरांना बरं वाटायचं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचावीत म्हणून त्यांनी सवयीने सदऱ्याच्या खिशातला बोटाएवढा टॉर्च काढला. गेली कित्येक वर्षं त्यांनी कुठलंच बारीक अक्षर स्वतःच्या टॉर्चशिवाय वाचलेलं नव्हतं. उजेड बाटलीवर पडला, तिथून घसरून नर्सबाईंच्या ॲप्रनवर पडला, आणि ॲप्रन निळा झाला. नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखा, थंडगार निळा. मास्तरांनी टॉर्च विझवला, पुन्हा लावला. ॲप्रन पुन्हा निळा. "याला कुणी हात लावला होता का?" त्यांनी विचारलं. नर्सबाई म्हणाल्या, "तुमच्या बॅटरीला कोण हात लावणार आजोबा? काल उशाखाली घेऊन झोपला होतात." मास्तरांनी उजवा डोळा मिटला. डाव्या, जुन्या डोळ्याला ॲप्रन पांढरा दिसला, पाहिजे तसा पांढरा. डावा मिटला, उजवा उघडला. निळा. पुन्हा पांढरा. पुन्हा निळा. "आजोबा, डोळे मारू नका," नर्सबाई म्हणाल्या, "मला दोन मुलं आहेत." शेजारच्या खाटेवरचा पेशंट हसला. मास्तरांची बायको दाराशी पिशवी घेऊन उभी होती, तीही हसली. मास्तर मात्र टॉर्च मुठीत घट्ट धरून बसले. 

परतताना ते गाडीत मागे बसले. डोळ्यावर काळा चष्मा होता, त्यामुळे कुणी बोलायला लावलं नाही. चष्म्याच्या आड ते हिशेब करत होते. टॉर्च नवा नव्हता. वर्षभरापूर्वी त्यांनीच उघडून पुन्हा बांधलेला होता. सेल काल भरलेला होता. म्हणजे टॉर्चमध्ये काही बदललं नव्हतं. बदललं होतं ते एकच, आणि ते त्यांच्या नाकाच्या उजव्या बाजूला होतं. शाळेत एकतीस वर्षं त्यांनी मुलांना हेच शिकवलं होतं: प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. आज कुणीतरी त्यांच्यावरच तो प्रयोग नीटनेटका करून दाखवला होता आणि निष्कर्ष काढायचा तेवढा बाकी ठेवला होता.

निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, पत्ते खेळतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. मास्तरांनी टॉर्च उघडायला घेतले होते. दुकानातला साधा, स्वस्त, छोटा टॉर्च आणायचा आणि त्याच दिवशी त्याचं डोकं पिळून काढायचं. आधी काच निघते, मग चकचकीत वाटीसारखा रिफ्लेक्टर, आणि त्याखाली तांब्याची नाण्याएवढी चकती. तिच्या मध्यावर तो एलईडी, मसुराच्या दाण्याएवढा. मास्तर त्याला दाणाच म्हणत. दोन तारा सोडवायच्या, कारखान्याने बसवलेला दाणा उचलायचा आणि आपल्या पसंतीचा बसवायचा. शेपटीच्या स्प्रिंगला तांब्याची तार जोडायची, म्हणजे सेलची ताकद वाटेत सांडत नाही. काच बारीक सँडपेपरने घासायची, म्हणजे उजेड भाल्यासारखा न टोचता पसरतो. असा एकेक टॉर्च हातात आला की बायको म्हणायची, "चालू होता ना? मग कशाला उघडलात?"  चालू असलेली गोष्ट उघडून बघावीशी वाटणं हा त्यांचा स्वभाव होता आणि त्याच स्वभावाने त्यांना विज्ञानाचा मास्तर केलं होतं. पण खरा अभिमान होता तो पांढऱ्याचा. बाजारातले टॉर्च कुठे पिवळट, कुठे मळकट. मास्तर पाच-सात दाणे मागवत, भर दुपारी खिडकीशी पांढरा कागद टाचून त्यावर एकेकाचा उजेड पाडत, डोळे बारीक करत, आणि दुपारच्या उन्हाशी जो तंतोतंत जुळेल तोच घेत. बाकीचे डबीत जात. असे चाळीसेक टॉर्च त्यांनी वाटले होते: खालच्या वॉचमनला, टपालवाल्या बाईंना, वरच्या मजल्यावरच्या वकिलांना, घरात प्रत्येकाला एक. देताना ते म्हणायचे, "हा खरा पांढरा."

घरी पोचल्यावर बायकोने त्यांना खुर्चीत बसवलं, मान मागे टेकवली आणि थेंबांची बाटली हलवायला घेतली. खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, धुरात जायचं नाही, असं तिने गाडीतच दोनदा बजावलं होतं. मास्तर छताकडे बघत म्हणाले, "अगं, माझ्या टॉर्चचा उजेड तुला कसा दिसतो?"

"कसा म्हणजे? टॉर्चसारखा."

"रंग कसला?"

"आज विचारताय?"

"विचारतोय."

"निळा," ती म्हणाली. "वर बघा, पापणी हलवू नका." थेंब पडला, थंड. "हं. मिटा आता."

मिटलेल्या डोळ्यांनी मास्तरांनी विचारलं, "कधीपासून?"

"मी काय तारीख लिहून ठेवली? पाच-सहा वर्षं झाली असतील. आधीचे बरे होते."

"मग बोलायचं नाही?"

"बोलले की. तुम्ही मला भिंतीपाशी उभं करून एक तास शिकवलंत. दूध करपलं त्या दिवशी. पुढच्या वेळी मी आपला चॉकलेटचा पिवळा कागद लावला काचेवर."

तो कागद मास्तरांना आठवला. दोनदा त्यांनी तो नखाने खरवडून काढला होता आणि दोनदा तो परत लागला होता. उजेड मंद करायला लावते, तिला झगमग सोसत नाही, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"वॉचमन त्याला मास्तरांची ट्यूबलाइट म्हणतो. प्रेमानेच म्हणतो हो. सगळे वापरतात. निळा असला तरी लांब पडतो." तिने बाटलीचं झाकण लावलं. मग जरा थांबून, दुसऱ्याच आवाजात म्हणाली, "सुनेला मात्र तुम्ही तो द्यायला नको होता." "का?" मास्तरांनी विचारलं. पण तोवर ती स्वयंपाकघरात गेली होती, आणि तिथून फक्त नळाचा आवाज आला.

जेवण झाल्यावर मास्तर आपल्या टेबलाशी जाऊन बसले. वाकायचं नव्हतं म्हणून त्यांनी खालच्या खणातला पत्र्याचा डबा बायकोकडून वर काढून घेतला. दरवर्षी बनवलेल्यांपैकी एक टॉर्च ते नमुना म्हणून त्या डब्यात ठेवत आणि शेपटीवर सुईने वर्ष कोरत. अकरा टॉर्च होते. पडदा ओढून खोली अंधारी केली आणि भिंतीवरच्या पांढऱ्या कागदाकडे तोंड करून ते ओळीने पेटवून ठेवले, सर्वांत जुना डावीकडे. आधी डाव्या डोळ्याने पाहिलं. शेवटचा गोल पांढरा, आणि मागे जावं तसे पिवळट. दाणे जुने झाले की पिवळे पडतात, असंच ते आजवर समजत आले होते. मग डावा डोळा मिटून उजवा उघडला. पहिला गोल सायीसारखा होता. दुसरा, तिसरा तसाच. चौथ्यात कुठेतरी थंडी शिरली होती. सहावा फिकट आभाळी, आठवा निळसर, आणि शेवटचा, खिशातल्याचा सख्खा भाऊ, ॲप्रनसारखा सरळ निळा.  दाणा कसा बनतो हे त्यांना माहीत होतं, त्यांनीच ते किती जणांना समजावलं होतं: आतला दिवा मुळात निळाच असतो, त्याच्यावर पिवळ्या पुडीचं पातळ पांघरूण घालतात, आणि निळं नि पिवळं मिळून पांढरं होतं. पांघरूण पातळ झालं की निळं उघडं पडतं. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यावर दरवर्षी थोडं थोडं पिवळं पांघरूण चढत होतं, ते उन्हापेक्षा दाण्याचा निळा जास्त खात होतं, आणि उन्हाशी जुळवायला ते दरवर्षी थोडा थोडा निळा दाणा निवडून त्याची भरपाई करत होते. भरपाई तंतोतंत होत होती, त्यांच्या एकट्याच्या डोळ्यांपुरती. भिंतीवरची ती रांग म्हणजे त्यांचा मोतीबिंदू होता. डॉक्टरांना जे तपासून सांगावं लागलं ते त्यांनी अकरा वर्षं स्वतःच्या हाताने कोरून, तारीख घालून डब्यात जपून ठेवलं होतं.

आठव्या टॉर्चपाशी त्यांची नजर पुन्हा पुन्हा जात होती. त्या वर्षी मुलाचं लग्न होऊन सून घरात आली होती. मुलगा इमारतींत लिफ्ट बसवायच्या कामावर, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. घरात ती, मास्तर आणि त्यांची बायको. ती रफू करते. बाजारातल्या एका जुन्या दुकानात, जिथे लोक फाटलेला कोट, उंदराने कुरतडलेली शाल, सिगरेटने भोक पडलेली पँट घेऊन येतात, आणि ती कापडाच्याच शिवणीतून धागा काढून किंवा शंभर रिळांमधून जुळता दोरा शोधून ते भोक असं भरते की परत नेताना गिऱ्हाइकाला कुठे होतं ते सापडत नाही. दुकान खोल आहे, मागच्या भागात खिडकी नाही, डोक्यावर एक पिवळा बल्ब. हे ऐकल्यावर मास्तरांच्या अंगात उत्साह संचारला होता. नव्या सुनेला द्यायला याहून चांगलं काय असणार? त्यांनी आठ दिवस खपून तिच्यासाठी टॉर्च बनवला होता, रुंद उजेडाचा, मान वाकवून टेबलावर उभा राहील असा. संध्याकाळी तिने तो लावून आपल्या तळहातावर धरला, मग ओढणीवर, मग पुन्हा तळहातावर, आणि म्हणाली, "छान आहे, बाबा. थोडा निळा आहे का?"

काय बोललो होतो आपण त्यावर? मास्तरांना शब्द आठवत होते. शिक्षकाला स्वतःची वाक्यं फार आठवतात. रागावले नव्हते ते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी समजावलं होतं. भिंतीवर कागद टाचला होता, सूर्यप्रकाश म्हणजे काय, बल्ब पिवळा का असतो, डोळ्याला सवय कशी लागते, सगळं पायरीपायरीने, उदाहरणं देऊन, हसतमुखाने. शेवटी म्हणाले होते, "दिवसभर पिवळ्या बल्बखाली बसून तुझ्या डोळ्याला त्याची सवय झालीय. म्हणून खरा पांढरा तुला निळा वाटतो. आठवडाभर वापर, डोळा सुधारेल." तिने मान डोलावली होती. "मला त्यातलं काय कळतं, तुम्ही म्हणता तसंच असेल," असं म्हणाली होती आणि टॉर्च पर्समध्ये ठेवला होता. तेव्हा मास्तरांना फार बरं वाटलं होतं. एक समंजस विद्यार्थिनी मिळाली असं वाटलं होतं.

समंजस. मास्तरांना शाळेतली एक मुलगी आठवली, सहावीतली, केस कायम विस्कटलेले. मेणबत्तीच्या ज्योतीचं निरीक्षण लिहून आणायला सांगितलं होतं. पंचेचाळीस वह्यांमध्ये पुस्तकातली तीन वाक्यं आली होती, ज्योतीचे भाग आणि त्यांची नावं. त्या मुलीच्या वहीत एकच ओळ होती: ज्योतीला वातीजवळ भोक आहे, त्यातून पलीकडचं दिसतं. मास्तरांनी ते पान सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं होतं. जे दिसलं ते लिहा, ते म्हणाले होते, पुस्तक मला पाठ आहे, तुमचे डोळे मला पाठ नाहीत. एकतीस वर्षं हे वाक्य त्यांनी प्रत्येक वर्गाला जूनमध्ये एकदा आणि परीक्षेआधी एकदा ऐकवलं होतं. आणि घरात आलेल्या मुलीला, जिचं पोट डोळ्यांवर चालतं, तिला त्यांनी सांगितलं होतं की तुझा डोळा सुधारेल.

त्यांनी एकेक टॉर्च विझवला. पडदा उघडला. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुनेला का द्यायला नको होता ते सांग."

बायको भांडी पुसत होती. तिने सांगितलं, फारसं न बघता, जसं बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं. टॉर्च दिल्याच्या आठवड्यातच दुकानात एक राखाडी कोट आला होता, कोपराला भोक असलेला. सुनेने त्या टॉर्चच्या उजेडात दोरा जुळवला, दोन दिवस खपून भोक भरलं. गिऱ्हाइकाने कोट उन्हात नेला आणि कोपरावर जांभळा डाग उमटला, मार लागल्यासारखा. कोट परत आला. मालकाने सगळ्यांसमोर विचारलं, रंगांधळी आहेस का म्हणून, आणि दोन महिने तिला रफूवरून काढून बटणं लावायला बसवलं. "घरी येऊन म्हणाली, काम बदललंय, हलकं आहे. तुम्ही म्हणालात, वा, आराम. मला पुढे कधीतरी बोलली. तुम्हाला सांगू नका म्हणाली."

"का पण?"

"तुम्ही आठ दिवस खपला होतात म्हणून," बायको म्हणाली आणि पुसलेलं ताट फळीवर उभं केलं.

त्यानंतरचे दिवस मास्तरांना मोठे चमत्कारिक गेले. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन तीन आठवड्यांनी होतं. म्हणजे तीन आठवडे त्यांच्याकडे दोन साक्षीदार होते, एका कपाळाखाली राहणारे आणि एकमेकांशी न पटणारे. ते चहाचा कप बघत, एकदा या डोळ्याने, एकदा त्या. बायकोचे केस डाव्याला अजून जरा तपकिरी होते, उजव्याला पार पांढरे. ती कधी इतकी म्हातारी झाली हे त्यांनी एका शनिवारी सकाळी पाहिलं. डावा डोळा गेला की जुना पांढरा जाईल, मग आपण खोटं बोलत नव्हतो हे आपल्यालाही दाखवता येणार नाही, असं एक विचित्र भय त्यांना वाटे. कारण ते खोटं बोललेच नव्हते. जे दिसलं तेच त्यांनी सांगितलं होतं. इथे येऊन विचार अडायचा. जे दिसलं ते सांगणं पुरेसं नसतं का मग? दुसऱ्याला दिसलेलं आणि आपल्याला न दिसलेलं, त्याचं काय करायचं, हे त्यांनी एकतीस वर्षांत एकाही वर्गाला शिकवलं नव्हतं.

आणि सून रोज समोर होती. ती सकाळी थेंब घाली, संध्याकाळी येऊन "आज कसं आहे बाबा, टोचत नाही ना" विचारी. मास्तर तिच्या बोलण्याकडे आता कान देऊन ऐकू लागले आणि त्यांच्या लक्षात आलं की तीन वर्षांत तिने त्यांना एकदाही, कशाबद्दलही, हे असं नाही असं म्हटलेलं नव्हतं. भाजी खारट झालीय का विचारलं तर, तुम्हाला वाटतेय का? पंखा आवाज करतोय ना, तर, करत असेल. हवा गार आहे का, तर, आईंना विचारते. ते याला नम्रपणा समजत आले होते. आता त्यांना त्यात दुसरं काही दिसायला लागलं, आणि ते दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येईना. माफी मागायची तर ती पटकन "असं काय बाबा" म्हणून विषय मिटवील, हे त्यांना ठाऊक होतं. माफी घेणं तिला सोपं होतं. त्यांना जे हवं होतं ते अवघड होतं: तिने एकदा त्यांच्या तोंडावर, त्यांच्या वस्तूबद्दल, तिला दिसलेलं सांगायला हवं होतं. डावा डोळा जायच्या आत.

रविवारी सकाळी त्यांनी कपाटातून आपला राखाडी कोट काढला, शाळेतला. खडू लागून लागून उजव्या कोपराला विरलेला. "हे भरून देशील?" त्यांनी विचारलं. तिने कोट हातात घेतला आणि तिचा चेहरा बदलला. आधी तिने कोपराखाली बोट घालून भोक वर उचललं, मग कोट उलटा करून आतल्या शिवणीत सोडलेली जादा कापडाची माया पाहिली, मग रिळांचा डबा घेऊन खिडकीशी गेली. एक दोरा कापडावर टाकला, काढला. दुसरा टाकला, मान तिरपी केली, काढला. तिसरा. मास्तर खुर्ची ओढून शेजारी बसले. हे त्यांनी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. भर दुपारी पांढऱ्या कागदासमोर ते स्वतः जसे उभे राहत, तशीच ती उभी होती, डोळे बारीक करून; फक्त तिला घाई नव्हती आणि अभिमानही दिसत नव्हता.

"दुकानात खिडकी नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. बाहेर पायरीवर येऊन बघते. मालक म्हणतो, तुझे पाय रफू करावे लागतील."

"आणि टॉर्च?"

"आहे की पर्समध्ये. सुई पडली की त्यानेच शोधते. सुया फार छान दिसतात त्यात, अशा निळ्या..." ती थांबली. "लखलखीत दिसतात."

मास्तरांनी टेबलावरचं फडकं उचललं. खाली लाकडाची एक पट्टी होती, तिच्यावर पाच तांब्याच्या चकत्या ओळीने ठोकलेल्या, पाच दाणे, पाच बटणं आणि एक सेल. कुठेही नाव नाही, आकडा नाही. "यातला एक निवड," ते म्हणाले. "तुझ्या टॉर्चमधला दाणा बदलायचा आहे."

"तुम्हीच निवडा, बाबा. मला त्यातलं काय कळतं?"

ते वाक्य ऐकायची मास्तरांची तयारी होती, तरी ते लागायचं तिथे लागलंच. शाळेत फळ्यावर स्वतःची चूक झाली की ते कधी पुसत नसत. वर आडवी काट मारत आणि खाली बरोबर लिहीत, म्हणजे मुलांना चूकही दिसते आणि दुरुस्तीही. ते म्हणाले, "ऐक. हा टॉर्च दिला तेव्हा मी म्हणालो होतो, तुझ्या डोळ्याला सवय नाही, तो सुधारेल. ते वाक्य चूक होतं. तुझा डोळा बरोबर होता. माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता आणि मला निळा दिसत नव्हता."

तिने दोरा बोटाभोवती गुंडाळला, सोडला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. "कोटाचं आईंनी सांगितलं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो."

"त्यात तुमचं काही नव्हतं, बाबा. मी दोरा दारात नेऊन बघितला होता, भरायच्या आधी. मला दिसला होता जांभळा."

"मग भरलास कसा?"

तिने जरा विचार केला, खरोखरच आठवून बघितल्यासारखा. "वाटलं, मलाच तसं दिसतंय," ती म्हणाली.

 मास्तरांच्या उजव्या डोळ्यात पाणी आलं, आणि रुमालाने पुसायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं असल्यामुळे ते तसंच गालावरून खाली उतरलं. तिने ते पाहिलं. पट्टी जवळ ओढली, कोट खिडकीपासून दूर, कोपऱ्यातल्या सावलीत नेला आणि पहिलं बटण दाबलं. "हा नाही," ती म्हणाली. दुसरं. "हाही नाही." तिसऱ्याला तिने तीन वेगवेगळी रिळं धरून पाहिली. "हा बराच जवळ आहे." चौथा, पाचवा, पुन्हा तिसरा. "हा." मास्तरांनी डाव्या डोळ्याने पाहिलं: जुन्या वर्तमानपत्रासारखा पिवळा. दोन आठवड्यांपूर्वी त्यांनी तो मळकट म्हणून डबीत टाकला असता. खरं तर टाकलेलाच होता. डबीतूनच तर तो परत काढला होता.

धुराजवळ जायचं नव्हतं म्हणून सोल्डरगन तिने धरली. मास्तर दोन हात लांब बसून सांगत होते: आधी टोक ओल्या स्पंजवर पूस, आता तार तापव, कथील नंतर, कथील गनला नाही तारेला लाव, हां, उचल, फुंकू नको. तिचे हात चार पदरी विणीतून एकेक धागा उचलायला शिकलेले. दुसऱ्या तारेला तिला काही सांगावं लागलं नाही. दाण्याखाली तिने उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट लावली, चकती बसवली, रिफ्लेक्टर, काच, आणि डोकं पिळून घट्ट केलं. टॉर्च पेटला. तिने तो मान वाकवून टेबलावर उभा केला, उजेडाखाली कोटाचं कोपर सरकवलं आणि निवडलेला दोरा त्यावर टाकला.

"बरा आहे," ती म्हणाली.

 वर्गात प्रश्न विचारून झाला की लगेच उत्तर सांगायचं नाही, मुलांकडे बघतसुद्धा राहायचं नाही, खडू हातात फिरवत खिडकीबाहेर बघायचं. त्या शांततेत मागच्या बाकावरून कधीकधी काहीतरी येतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. स्कूटर सुरू झाली आणि गेली. सुनेचा अंगठा दोऱ्यावरून मागेपुढे फिरत होता. तिने टॉर्च उचलला, तळहातावर धरला, मग पुन्हा कोटावर, मग पुन्हा तळहातावर. तीन वर्षांपूर्वी असाच धरला होता.

"बाबा," ती म्हणाली, "हा थोडा हिरवट आहे."

मास्तरांनी पुढे होऊन बघितलं. उजव्या डोळ्याला पांढरा दिसला. उजवा मिटला, डाव्याला पिवळा दिसला. हिरवं कुठेही नव्हतं, शोधूनसुद्धा नव्हतं.

"पट्टीवर नव्हता," ती म्हणत होती, त्यांच्याकडे न बघता. "आत बसवल्यावर आलाय. काचेमुळे असेल. काच काढून बघू का?"

"बघ," मास्तर म्हणाले.

ती टॉर्चचं डोकं पिळायला लागली. मास्तरांनी खणातून नोंदींची वही काढली, आजची तारीख घातली, निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं, 'थोडा हिरवट'. आणि त्याखाली, जागा थोडी होती म्हणून बारीक अक्षरात, 'मला दिसत नाही. सूनबाईंना दिसतो. काच बदलणे.'